अंगठ्याची वही

रूयिनने जीभ बाहेर काढली होती, आणि नेमका तेव्हाच दुकानदार आतून बाहेर आला.

औषधाच्या दुकानात गॉगलच्या स्टँडला एक टीचभर आरसा होता. लूगू गावच्या चढावर, भर दुपारी, त्या आरशासमोर ती मान तिरकी करून, डोळे बारीक करून उभी होती. समोरच्या सभागृहात हिवाळी चहाची महिनाभराची स्पर्धा चालू होती, आणि ती तिथली चव पारखणारी. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची. ती सुट्टी ही बाई स्वतःची जीभ बघण्यात घालवत होती!

“घशाच्या गोळ्या दुसऱ्या फळीवर आहेत,” तो शांतपणे म्हणाला. “जिभेचं काही हवं असेल तर... मागवावं लागेल.”

दुसरी कुणी असती तर लाजेने पळाली असती. रूयिन पळाली नाही, कारण भीतीपुढे लाज टिकत नाही. तिने सरळ विचारलं, “मी हलवत नसताना ती हलतेय का, सांगता?”

त्याने खिशातला छोटा टॉर्च काढला आणि मोठ्या गांभीर्याने पाहिलं. “नाही हलत. बोलताना मात्र भरपूर हलते.”

ती हसली नाही. पण जाताना दारावरची पाटी वाचून गेली. श्ये तिंगहान, औषधविक्रेता. तैनानहून येऊन त्याला पुरता महिनाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. दोन महिन्यांपासून तिचा उजवा अंगठा आपोआप उडत होता. कधी पोटरी, कधी पापणी. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी सुया टोचून तपासलं होतं, ताकद शाबूत आहे, घाबरण्यासारखं काही नाही असं लिहूनही दिलं होतं. पण तिच्या वडिलांनाही आधी असंच सांगितलं होतं. त्यांचाही अंगठाच उडायचा. चहा कमी करा, केळी खा, असं गावच्या डॉक्टरने सांगितलं आणि सहा महिने घरात केळीच केळी झाली. मग एक दिवस त्यांच्या हातून किटली सुटली. पुढची सात वर्षं आईने त्यांना चमच्याने भरवलं. मग जीभही आपोआप थरथरू लागली, आणि शेवटी तर गिळताही येत नव्हतं.

“माझ्यासाठी कुणी तसं सात वर्षं बसलेलं मला नकोय,” ती म्हणाली. म्हणूनच दोन चांगली स्थळं तिने परत पाठवली होती, आणि आईला कारणही सांगितलं नव्हतं.

तिंगहानने तिला उगीच धीर दिला नाही. काय खाता, एवढंच विचारलं. उत्तर ऐकून त्याने कपाळाला हात लावला. स्पर्धेच्या दिवसांत ही बाई रोज एकशेचाळीस कप चहा तोंडात घोळवत होती. थुंकत होती हे खरं, पण थोडा पोटात जातोच. वर जिभेची चव बिघडू नये म्हणून लसूण-आलं वर्ज्य, त्यामुळे जेवण जवळपास बंद, फक्त पातळ भात. झोप चार तास. उरलेल्या वेळात फोनवर वडिलांच्या त्या आजाराबद्दल वाचन.

“अहो, असं राहिलात तर माझाही अंगठा उडेल,” तो म्हणाला. आधी पोटभर जेवा, चहा जमेल तेवढा आवरा, आणि हवं तर मॅग्नेशियम घेऊन बघा, असा त्याचा सल्ला होता. काहींना त्याने फरक पडतो, काहींना नाही, हेही त्याने लपवलं नाही.

पण रूयिन हाडाची पारखी होती. तिच्या कामात चहा कुणाच्या मळ्यातला आहे हे पारखणाऱ्याला कधी सांगत नाहीत. डब्यावर फक्त आकडा असतो, नावांची यादी पाकिटात बंद. नाव कळलं की जीभ मिंधी होते. “मलाही तसंच द्या,” ती म्हणाली. “वीस पुड्या. दहांत औषध, दहांत तांदळाचं पीठ. कुठली कशाची ते मला कळता कामा नये.”

एखाद्या शास्त्रज्ञाने या प्रयोगाला नाकं मुरडली असती. तिंगहानला मात्र ती त्याच क्षणी आवडली. त्याने कॅप्सूल भरल्या, पुड्यांवर आकडे घातले आणि यादीचं पाकीट मोहोरबंद करून छ्यू मास्तरांकडे दिलं. मास्तर म्हणजे तिचे वरिष्ठ पारखी, वय सत्तर. पाकिटात चहाचीच काही भानगड असावी असं समजून त्यांनी ते मुकाट्याने कपाटात ठेवलं.

मग रोज दुपारी ती यायची. समोर बसून पुडी घ्यायची आणि वहीत आकडा लिहायची, अंगठा सकाळी किती वेळा उडाला, जेवताना किती वेळा. तो तिच्यासाठी लसणाशिवायचं जेवण करून आणायचा. टोफू, रताळी, पालेभाजी, काळे घेवडे. पहिल्या दिवशी तिने चव घेऊन निकाल दिला.

“रंग बरा, सुगंध नाही, शेवट कडवट. तिसऱ्या फेरीत बाद.”

“परीक्षक फार खडूस आहेत इथले,” तो म्हणाला.

सहाव्या दिवशी ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं. नवव्या दिवशी आंबवलेल्या टोफूचा उग्र वास चांगला की वाईट यावरून दोघांची चांगलीच जुंपली आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. अकराव्या दिवशी मात्र ती पांढरीफटक पडून आली. रात्रभर फोनवर वाचत बसली होती. त्या दिवशी तिने लिहिलं, जेवताना बत्तीस.

बाराव्या दिवशी त्याने ताटाकडे बघत विचारलं, “नववर्षाला मी घरी जातोय. तू... येशील माझ्याबरोबर?”

नववर्षाच्या जेवणाला मुलीला घरी नेणं म्हणजे लग्नाचीच बोलणी, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. हो म्हणावं असं इतकं वाटलं की तिला स्वतःचाच राग आला.

“यादी उघडू दे,” ती म्हणाली. “औषधाच्या दिवशी कमी उडत असेल, तर ते खाण्यापिण्याचं आहे. मग येईन. फरक नसेल तर... मला पुन्हा विचारू नकोस.”

त्याने मान डोलावली. पुढचे आठ दिवस त्याने तो विषय काढला नाही.

विसाव्या दिवशी छ्यू मास्तर पाकीट घेऊन दुकानात आले. मोहोर फोडली, चष्मा लावला, आणि निकाल वाचायच्या आवाजात एकेक आकडा वाचू लागले. रूयिन वहीतले आकडे दोन बाजूंना मांडत गेली. बेरीज झाली. औषधाचे दहा दिवस, एकशेबेचाळीस. पिठाचे दहा दिवस, एकशेचव्वेचाळीस.

“बरोबरी,” मास्तर समाधानाने म्हणाले. “दोन्ही चहा सारखेच.” आणि ते टोपी घालून निघून गेले.

रूयिनने वही मिटली. “म्हणजे हे खाण्याचं नाहीच,” ती म्हणाली आणि उठली.

“बस.”

“विचारू नकोस म्हटलं होतं मी...”

“विचारत नाही. दाखवतोय.” त्याने गल्ल्याखालून एक वही काढली. तशीच आकड्यांची, पण त्याच्या अक्षरातली. “तू जेवत असताना मला जे दिसलं ते मी लिहीत होतो. नववा दिवस बघ. जेवतानाचे तू किती लिहिलेस?”

“शून्य.”

“मी अंगठा अकरा वेळा उडताना पाहिला. तू हसत होतीस, तुला कळलंसुद्धा नाही. आणि अकरावा दिवस. तू बत्तीस लिहिलेस. मला तीनच दिसले.”

“खोटं आहे.”

“असेल. मी डॉक्टर नाही. पण रोज एकशेचाळीस कप उचलतेस, एक थेंब सांडत नाहीस. तुझ्या बाबांची किटली सुटली होती, रूयिन. तुझा कप सुटलेला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवू, मीही येईन. तोवर अंगठा उडेल, नाही उडणार, मला माहीत नाही.”

तिने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. ती कितीतरी वेळ वाचत राहिली. सलग ऐंशी कपांनंतर थकलेली जीभ नसलेली चवही सांगू लागते, हे तिच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. तेव्हा पारखी कप खाली ठेवतो आणि दुसऱ्याला चाखायला सांगतो. स्वतःच्या अंगाच्या बाबतीत तिने दोन महिने कप खाली ठेवलाच नव्हता. भीती गेली नाही. पण बत्तीस हा आकडा अंगठ्याचा नव्हता, भीतीचा होता, हे आता दोन वह्यांत दिसत होतं.

“वीस दिवस तू माझा अंगठाच बघत होतास?” तिने विचारलं.

“पहिले तीन दिवस अंगठा.” त्याचे कान लाल झाले. “मग... मोजताना चुकायला लागलो. चौथ्या दिवसाचा आकडा बघ, खोडलाय. मी तुझ्याकडे बघत होतो. मला तू आवडतेस. उडणाऱ्या अंगठ्यासकट आवडतेस.”

“आणि बाबांसारखंच झालं तर?”

“तर मी घाबरेन,” तो म्हणाला. “पण इथेच असेन. तुझ्या आईने सात वर्षं भरवलं ते कुणी जबरदस्ती केली म्हणून नाही. तिला एकदा विचार तरी.”

आईला तिने हे कधीच विचारलं नव्हतं. तिने टेबलावर हात ठेवला. अंगठा उडाला, दोघांनाही दिसला. त्याने वही उघडली नाही, फक्त आपला हात पुढे केला, आणि तिने तो घट्ट धरला.

“येते मी तैनानला,” ती म्हणाली. “घाबरलेलीच येईन. पण येते.”

“ये. घाबरलेल्या पाहुण्याला आमची आई आधी वाढते.”

ती हसली, आणि मग रडली, आणि समोरच्या सभागृहात सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी तिने हात सोडला नाही.