आकडा उतरला नाही

अप्पांचा शेवटचा साधासुधा दिवस मोटारीत गेला. तो शेवटचा आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोळार औद्योगिक वसाहतीतल्या गॅरेजातला सुनीलकुमार हुमनाबादच्या रस्त्यावर गाडी चालवत होता. शेजारी जयंती, मांडीवर स्कॅनर घेऊन. त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडलेली. धावत्या इंजिनाचे आकडे पडद्यावर हलत होते. मागे तिचे अप्पा, निवृत्त व्यंकटेश मास्तर, शेंगा सोलत बसलेले.

"पेट्रोल लई पितीय म्हणून तीनदा इकडं आणलीस," अप्पा म्हणाले. "जाण्यायेण्यातच निम्मं संपायलंय, जयू."

जयंतीचे कान लाल झाले. सुनील समोर बघूनच हसला. "इंजिनचं तापमान वाचा, मॅडम."

"जयंती म्हणा की."

"वाचा… जयंती."

"गॅरेजात अठ्ठ्याहत्तर होतं. आता सत्तर… पासष्ट… उतरायलंय."

"म्हणजे मागच्या खेपेला मी उगंच सेन्सर बदललो." त्यानं आरशातून मागं पाहिलं. "सर, इंजिन तापेस्तोवर पाणी अडवायची झडप असतीय, थर्मोस्टॅट. हाय न्हवं ह्यात?"

अप्पांच्या हातातली शेंग थांबली. "दोन उन्हाळ्यांमागं मीच काढायला लावलो. गाडी तापू नये म्हणून."

"आपल्याकडं सगळेच काढतेत, सर. पण मग वारं लागलं की इंजिन गार पडतंय, अन् पेट्रोल वढतंय. जरा तापावंच लागतंय."

"ऐकायलीस का, जयू?"

घरी उतरल्यावर अप्पा हळूच म्हणाले, "तू पुण्याला नोकरीवर जायच्या आधी सुनीलला सांगून टाक. तो तोंड उघडायचा न्हाई. अन् तू तर माझीच लेक, तापायला भिणारी."

"काहीतरीच, अप्पा."

दुसऱ्या दिवशी अप्पा उठलेच नाहीत.

जयंती रडली नाही. आल्यागेल्याला चहा देत राहिली. मागच्या सीटवरची टरफलं मात्र तिनं कुणाला झाडू दिली नाहीत.

तेराव्यानंतर सुनीलचा फोन आला — झडप आलीय. तिची पुण्याची बस उद्याची होती. झडप बसवून दोघं पुन्हा हुमनाबादच्या रस्त्याला लागले.

"राहू द्या, मी बघतो आकडे."

"नको. मी वाचते. बासष्ट… सत्तर…" उसाचा ट्रॅक्टर मागं पडला, गाडीनं वेग घेतला, वारं लागलं. "ऐंशी… सत्त्याऐंशी."

आकडा तिथंच राहिला. उतरला नाही. मागून कुणी काहीच म्हणालं नाही. वळणावर फक्त टरफलं सरकली… आणि जयंतीला पुढं वाचता येईना.

सुनीलनं कडुलिंबाखाली गाडी थांबवली. हात पुसायचं फडकं पुढं केलं, ते काळं बघून मागं घेतलं, अन् खिशातला रुमाल दिला.

"इंजिन बंद करू?"

"नको… चालू राहू द्या." तिनं डोळे पुसले. "पहिल्यांदा आले तेव्हा पेट्रोलसाठीच आले होते. नंतर दोनदा आले, ते तुमच्यासाठी. अप्पांना कळलं होतं… तुम्हाला कळलं का, ठाऊक नाही. म्हणून सांगते. तुम्ही मला आवडता, सुनील."