कामापुरती ओळख

चौकातल्या हवालदारानं हात वर केला, आणि गाडी चालवणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घाबरून स्टिअरिंग सोडलं आणि आपलेही दोन्ही हात वर केले!

गाडी थांबली ती शेजारी बसलेल्या मॅडममुळे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ब्रेक दोन असतात, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शिकवणाऱ्याच्या. तिनं आपला ब्रेक दाबला, तेव्हा गाडी हवालदाराच्या बुटांपासून वीतभर लांब होती. मागच्या गाड्यांनी एका सुरात हॉर्न वाजवायला सुरुवात केली.

हवालदार खिडकीशी आला. वय तिशीच्या अलीकडचं, टोपी डोक्याला किंचित मोठी, आणि डोळे... डोळ्यांकडे तिनं त्या दिवशी पाहिलंच नाही, असं ती पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होती.

"गाडी कोण चालवतंय?"

"दोघी," ती म्हणाली. "हात डॉक्टरांचे, पाय माझे."

"मग पावती कुणाच्या नावानं फाडू?"

"माझ्या. आमच्या धंद्यात चूक नेहमी शिकवणाऱ्याची असते."

त्यानं पावतीपुस्तक उघडलं, तिच्याकडे पाहिलं, पुस्तक पुन्हा मिटलं. "डॉक्टर, तुम्ही हात खाली घेतलेत तरी चालेल," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. आणि तिला हसू आलं. भर चौकात, मागे दहा गाड्या खोळंबलेल्या असताना!

इथून पुढे जे झालं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण त्या वयात ते कळत नाही. ती सव्वीस वर्षांची होती. सबंध गाव तिला मॅडम म्हणायचं, आणि तिच्या बाबांना मास्तर. मास्तरांनी तीस वर्षांत अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. आई गेल्यावर बाप-लेकीनं मिळून ते स्कूल चालवलं – दोन गाड्या, एक खोलीभर ऑफिस, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. संसार म्हणाल तर तेवढाच.

पुढच्या गुरुवारी हवालदारानं तिची गाडी पुन्हा थांबवली.

"आरसा धुळकट आहे."

त्याच्या पुढच्या गुरुवारी, "हॉर्नचा आवाज बसलाय. गाडीला सर्दी झालीय का?"

त्याच्याही पुढच्या गुरुवारी त्याला काही सुचेना. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चारही चाकांकडे पाहिलं आणि म्हणाला, "चाकं... चारच आहेत ना?"

"मोजून घ्या, साहेब. गणितात कच्चे असाल तर सावकाश मोजा."

शिकायला येणारी माणसं बिचकायला लागली. मॅडम, पोलीस आपल्यालाच का थांबवतात हो? ती बेधडक सांगायची, "सराव म्हणून! पोलिसानं थांबवलं की काय करायचं, हा आमच्याकडे वेगळा धडा आहे." आणि खरोखरच तिनं तो धडा सुरू केला – काच खाली घ्यायची, हात स्टिअरिंगवर ठेवायचे, आवाज चढवायचा नाही. दर गुरुवारी सकाळी दहाला प्रात्यक्षिक. बाकीच्या स्कूलांची मुलं पोलीस दिसला की घामाघूम व्हायची, हिची मात्र हसून कागदपत्रं काढून द्यायची. सगळं गाव हसत होतं, आणि या दोघांना वाटत होतं की कुणाला काही कळत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं, ते असंच.

एका भुरभुर पावसाच्या दिवशी तिनंच काच खाली केली. "भिजताय कशाला? या, बसा आत. शिकणाऱ्याची सीट आज रिकामी आहे."

तो बसला. गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यानं गिअरकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"तुम्हाला गाडी चालवता येत नाही!"

"हळू बोला ना..." तो कानापर्यंत लाल झाला. "मोटारसायकल येते. चारचाकीची कधी वेळच आली नाही."

"आणि आम्हाला थांबवता!"

"थांबवायला कुठं यावी लागते?"

मग रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर त्याची शिकवणी सुरू झाली. पहिल्या रविवारी गाडी अकरा वेळा बंद पडली. तिसऱ्या रविवारी गिअर टाकताना तिचा हात त्याच्या हातावर आला, आणि गिअर पडल्यावरही तिथंच राहिला. दोघंही समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. गाडी तिसऱ्यात होती, हृदयं कितव्यात होती कोण जाणे... पाचव्या रविवारी 'तुम्ही' गेलं आणि 'तू' आलं.

"मी येत्या रविवारी घरी येतो," तो म्हणाला. "मास्तरांना विचारायला."

"काय विचारणार?"

"लेकीशेजारी कायमचं पार्किंग मिळेल का, म्हणून."

"शी! हे असलं बोललास तर बाबा दारातूनच परत पाठवतील." ती खळखळून हसली, आणि हसता हसता गप्प झाली. त्यानं गाडी कडेला घेतली. आता त्याला ती नीट कडेला घेता यायची.

"काय झालं?"

मग तिनं त्याला ते सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांना उजव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नव्हतं. वर्ष झालं होतं. गेल्या खेपेला परवाना वाढवून घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ केली होती. पहिली ओळ, दुसरी ओळ, शेवटची बारीक ओळ, थेट घडाघडा.

"आणि पाठ मी करून घेतली," ती म्हणाली. "जेवणानंतर रोज. लहानपणी ते माझ्याकडून पाढे घोकून घ्यायचे ना, तशी. गाडी सुटली तर हा माणूस खचेल रे, मला ते बघवलं नसतं. आता मी त्यांना चालवू देत नाही. किल्ल्या माझ्या पर्समध्ये असतात. पण... तू पोलीस आहेस. तुला सांगायला नको होतं."

त्यानं तिच्या डोळ्यांतलं पाणी अंगठ्यानं पुसलं. "आत्ता माझ्या अंगावर गणवेश आहे का?"

"नाही."

"मग पोलिसानं काही ऐकलेलं नाही." तिला इतकं हलकं वाटलं, की घरी जाताना तिनं मुद्दाम लांबचा रस्ता घेतला.

तो गुरुवार नेहमीसारखाच उजाडला. दोन गाड्यांतली नवी घेऊन ती एका उमेदवाराच्या परीक्षेसाठी मैदानावर गेली होती. तो पोरगा तीनदा नापास झाला होता, आणि चौथ्यांदाही होणार होता, कारण त्याची फाइल ऑफिसच्या टेबलावर राहिली होती. मास्तरांच्या ती नजरेस पडली. डाव्या डोळ्याच्या, अर्थात. पोराचं नुकसान नको म्हणून त्यांनी जुन्या गाडीची दुसरी किल्ली, जी खिळ्यांच्या डब्यात तळाशी होती आणि जिच्याबद्दल लेकीला काहीच ठाऊक नव्हतं, ती काढली. गाडी बाहेर काढली. कुणाचं भलं करायला निघालेल्या माणसाला स्वतःची व्यंगं आठवत नाहीत.

चौकात त्या दिवशी तपासणी होती. प्रत्येक गाडी थांबवा, परवाना बघा, असा हुकूम होता. हवालदारानं जुनी गाडी ओळखली. मास्तर एकटे होते. त्यांनी त्याला पाहून हसून हात केला. त्यानं क्षणभर – एकच क्षणभर – हात वर नेला, आणि मग बाजूला होऊन, वाकून, गाडीला पुढे जायची खूण केली.

दोन वळणं पुढे वाचनालयापाशी उजवीकडून एक शिवणकाम करणाऱ्या बाई रस्ता ओलांडत होत्या. मास्तरांना त्या दिसल्याच नाहीत.

बाई वाचल्या. मांडीचं हाड मात्र दोन ठिकाणी मोडलं. शिलाई मशीनचं पेडल चालवणारा पायच तो. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण मशीनवर बसतील की नाही ते सांगता येत नाही.

साडेबाराला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून तिनं त्याला पाच फोन केले. त्यानं एकही उचलला नाही. संध्याकाळी सहाला तो आला, गणवेश बदलून. तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला आणि त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मास्तरांनी मला बघून हात केला गं," तो म्हणाला. "त्यांना थांबवून परवाना कसा मागू? रविवारी त्यांच्यासमोर बसायचं होतं मला..."

तिनं त्याला माफ केलं. तिथल्या तिथं, त्या खुर्चीवर. अक्षरं पाठ करून घेणारी ती, तिनं कुठल्या तोंडानं त्याला बोल लावायचा?

"मी आहे ना," तो म्हणाला, आणि तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्या दिवसात तेवढाच एक आधार होता.

चौकातल्या खांबावरच्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. वर गेलेला हात, बाजूला होणं, वाकून केलेली खूण. चौकशी लागली. हवालदाराला मास्तरांच्या डोळ्यांचं माहीत होतं का, एवढाच सगळा प्रश्न होता. माहीत नसेल, तर हुकूम मोडला म्हणून ताकीद आणि बदली. माहीत असूनही सोडलं असेल, तर नोकरी जाणार.

आणि तिच्या बाजूनं? तिनं ही गोष्ट दाबून ठेवली, हे तर उघडच होतं. पण एका पोलिसाला तरी सांगितली होती, असं म्हणाली असती, तर दोष वाटला गेला असता. बाबांचं स्कूल कदाचित वाचलं असतं. कुणालाच सांगितलं नाही म्हणाली, तर सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर येणार होता आणि मास्तरांनी तीस वर्षं चालवलेल्या स्कूलला कुलूप लागणार होतं.

तिनं आठ दिवस विचार केला, असं सांगायला बरं दिसलं असतं. पण तिनं विचार केलाच नाही. तिचं ठरलेलंच होतं.

चौकशी अधिकारी बाई होत्या. त्यांना जबर सर्दी झाली होती, आणि टेबलावर फायलींपेक्षा रुमालच जास्त होते.

"वडिलांच्या डोळ्यांबद्दल कुणाकुणाला माहीत होतं?"

"फक्त मला."

"कुणालाच सांगितलं नाहीत? मैत्रीण, नातेवाईक... त्या हवालदाराला?"

"कुणालाच नाही."

"स्कूलचा परवाना जाईल. कल्पना आहे?"

"आहे."

बाईंनी दुसरा कागद ओढला. "ठीक. त्याच्या जबाबाशी जुळतंय. तुमचा उल्लेख आहे म्हणून वाचून दाखवते." आणि नाक पुसून त्यांनी वाचलं, "सदर गाडीच्या मालक महिलेशी माझी केवळ कामापुरती ओळख आहे. तिच्या वडिलांच्या दृष्टीबाबत तिने वा अन्य कोणीही मला कधीही काहीही सांगितलेले नाही."

"हा जबाब... कधी दिला त्यांनी?"

बाईंनी कागद उलटा केला. "अपघात झाला त्याच दिवशी. दुपारी चार वाजता."

चार वाजता ती कॉरिडॉरमध्ये होती. सहाला तो आला होता. हात हातात घेतला होता. मी आहे ना, म्हणाला होता.

तो बाहेर आवारात झाडाखाली उभा होता. तिला बघताच पुढे आला. "काय सांगितलंस?"

"तू लिहिलंस तेच."

त्यानं श्वास सोडला. छाती रिकामी होईपर्यंत सोडला. चेहरा असा मोकळा झाला, की गाडी पहिल्यांदा न बंद पडता चालली तेव्हासुद्धा झाला नव्हता. ते तिनं पाहिलं. न पाहती तर किती बरं झालं असतं!

"देव पावला," तो म्हणाला. "आता काही अडचण नाही. थोडे दिवस जाऊ देत, मग मी घरी येतो."

"मला विचारलं का नाहीस?"

"काय?"

"असं लिहू का म्हणून. मी पाच फोन केले होते. एक उचलून म्हणाला असतास, की मला वाचव, तर मीच तुला शब्द न् शब्द सांगितला असता. आनंदानं."

"माझी अवस्था काय होती तुला माहितीये का? साहेब समोर बसलेले. आईचं सगळं माझ्या पगारावर... आणि शेवटी तूही तेच सांगितलंस ना? मग फरक काय पडला?"

"मी तुझ्यासाठी खोटं बोलले," ती म्हणाली. "तू कुणासाठी बोललास?"

तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल... चुकलो म्हणेल, घाबरलो म्हणेल. तेवढंही पुरलं असतं. त्याच्यावर तिचं प्रेम होतं, त्या झाडाखाली, त्या क्षणीसुद्धा, आणि ते एवढ्यावर भागवून न्यायला तयार होतं. पण तो इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, "हळू बोल. कुणी ऐकेल."

"बरं," ती म्हणाली.

"मग येऊ ना घरी?"

"कामापुरती ओळख असलेल्या माणसानं घरी कशाला यायचं?"

ती फाटकातून बाहेर पडली. त्यानं हाक मारली नाही. आवारात पोलीस बरेच होते.

घरी मास्तर ऑफिसच्या खोलीत बसले होते. भिंतीवरचा तक्ता त्यांनी स्वतःच उतरवून गुंडाळून ठेवला होता. परवानाही त्यांनी आदल्याच दिवशी जाऊन परत केला होता. रोज सकाळी ते हॉस्पिटलमध्ये त्या शिवणवाल्या बाईंच्या खाटेशी जाऊन बसायचे. बाई त्यांच्याशी बोलायच्या नाहीत, तरी बसायचे.

तिनं चहा केला. त्यांच्या डाव्या हाताला, दिसेल असा ठेवला.

"तो हवालदार," मास्तर कपाकडे बघत म्हणाले, "चांगला होता पोरगा. आज ना उद्या घरी येणार होता."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अगं, दर गुरुवारी गाडी पकडली जाते. मला डोळा एक असला तरी चालतो तो." मग ते गुंडाळलेल्या तक्त्याकडे वळले. "आता नाही यायचा ना? माझ्यामुळे."

ती त्यांच्यासमोर बसली. "नाही, बाबा. तुमच्यामुळे कळलं."

"काय कळलं?"

तिनं त्यांचा कप पुढे सरकवला. सांगितलं असतं तर त्यांच्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं असतं, पण एकदा दिलेला जबाब तिला घरातसुद्धा मोडता येत नव्हता. "चहा घ्या," ती म्हणाली, "निवतोय." मास्तरांनी मान हलवली आणि सगळा दोष आपलाच आहे असं समजून चहा प्यायला सुरुवात केली.