बुक्क्यातली कातर

या, अंमळ जवळ सरका. मागच्यांनीही पुढे यावं. वेळण्याच्या स्वरालीताई पाटणकरांची कथा सांगतो. रामकृष्णहरी म्हणा आणि ऐका.

त्या काळी वेळणे बंदरात दुःख कुणी फार वेळ सोसत नसे. मनगटाला चेतपट्टी लावायची, की घटकाभरात जीव हलका. परीक्षेआधी पोरं लावत, तेराव्याला घरचे लावत. पट्टीविना एकच जागा उरली होती, लक्ष्मीनारायणाच्या देवळातलं स्वरालीताईंचं कीर्तन. तिथे जे रडू येईल ते आपलं स्वतःचं, ही गावाची श्रद्धा. ताईंनी गजेंद्राची हाक दिली की सभामंडपात हुंदके फुटत. ताईंच्याही अंगावर काटा येई.

मुलीच्या बाळंतपणाला ताई परगावी गेल्या आणि तिथे देवापुढे बसल्या तर काहीच होईना. जप चालू, मन लाकूड. परतल्यावर घाबरून त्या डॉ. शाहीन परकारांकडे गेल्या. पेशींचं रसायन हाच डॉक्टरांचा अभ्यास. त्यांनी ताईंचं रक्त तपासलं.

"ताई, पट्टी लावता?"

"या जन्मात नाही."

"रक्त तसं म्हणत नाहीय." डॉक्टरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "ते पडलेलं झावळं बघा. तसंच राहिलं तर पाचोळा. विणलं तर झाप, हीर काढले तर केरसुणी. आपली पेशीही आधी एक लांब साखळी घडवते, मूळसाखळी. ती नुसती काही करत नाही. तिच्यात ठरावीक जागी खुणेच्या कड्या असतात, तिथे विकर नावाची कातर चालते. एका विकरानं कापलं की ताणाचं संप्रेरक तयार व्हायची वाट खुलते. दुसऱ्यानं आणखी पुढे कापलं की वेदना शमवणारा तुकडा सुटतो; सूर ऐकताना अंगावर काटा आणि डोळ्यांत पाणी आणतो तोही तोच. साखळी तीच, कातर वेगळी. पट्टीतलं चेतक त्या दुसऱ्या कातरीला जागं करतं."

"आणि माझी कातर?"

"तिला कुणीतरी वर्षानुवर्षं बाहेरून जागं करतंय. आता आपणहून चालायचं ती विसरलीय. तुम्ही नेमानं काही हुंगता का?"

"मी काय तपकीर ओढते होय!" ताई हसल्या. हसता हसता हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला.

पूर्वरंग संपला की कीर्तनात बुक्का लागतो, आधी कीर्तनकाराला, मग श्रोत्यांना. वेळण्यात तो लावत ताईंचे यजमान निनाद. पेटीची साथही त्यांचीच.

घरी निनाद पेटी उघडून आतले पितळी सूर पुसत बसले होते. ताईंनी बुक्क्याची डबी समोर ठेवली.

"यात काय घालतोस?"

निनादनं मान वर केली नाही. "तेव्हा समोर सात डोकी असायची, स्वराली. त्यातली दोन पंख्याखाली बसायला यायची. कीर्तन सोडते म्हणालीस तू. मी बघत बसायचं होतं?"

"म्हणून माझ्या देवात आणि माझ्यात दलाल बसवलास?"

"लोकांना बरं वाटत होतं."

"लोकांचं राहू दे. मला का लावलास?"

"तुला नसता लावला तर तू एकटी कोरडी राहिली असतीस, आणि तुला कळलं असतं." मग हळूच म्हणाले, "तुला आनंदात बघायचं होतं गं."

"तो आनंद माझा होता ना रे?"

निनादनं डबीचं झाकण घट्ट लावलं.

एकादशीला पूर्वरंग संपवून ताईंनी सगळं मंडपात सांगितलं. म्हणाल्या, "आज कपाळं कोरी ठेवू. येईल ते येईल, नाही आलं तर नाही." आणि गजेंद्राची हाक दिली. सूर चोख लागला. मंडपात कुणी खोकलं, कुणी मांडी बदलली. एकही डोळा ओला झाला नाही.

मग नाखवा दाजी खोत उठले. त्यांचा मुलगा समुद्रात बुडाला होता. "ताई, फसवलं ते फसवलं," ते म्हणाले. "पण आता अर्ध्यात नको सोडू. लावायला सांग गो तो बुक्का."

एकेक करून सगळे निनादपुढे कपाळ घेऊन उभे राहिले. ताईंनी अडवलं नाही. दाजींना कोणत्या तोंडानं अडवणार? स्वतःचं कपाळ मात्र त्यांनी कोरं ठेवलं आणि तीच हाक पुन्हा दिली. मंडप हमसून हमसून रडला. रडणाऱ्यांच्या मधोमध ताई कोरड्या डोळ्यांनी गात राहिल्या.

त्या अजून तशाच गातात. कातर कधीतरी आपणहून जागी होईलही, डॉक्टर म्हणतात, नाहीही होणार. म्हणून एक मागणं आहे. देवापुढे उभे असताना, काही न लावता, न घेता तुमचे डोळे भरून आले, तर त्या क्षणी स्वरालीताईंची आठवण ठेवा. देवाचं नाव त्यांच्या ओठांवर आहे, पण आत पोचत नाही. तुमच्या आसवांतलं थोडं त्यांच्या नावानं वाहा.