टर्बोवर काट

शोरूममधल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. मी त्यांना अडखळले आणि चक्क आपटले. हातातली माहितीपत्रकं चहूकडे!

"अरेच्चा, लागलं का?" गाडीखालून आवाज आला. मागोमाग धुळीने माखलेलं डोकं, आणि हातात मोजायची टेप.

"लागलं का म्हणून काय विचारता? इथे झोपायला बंदी आहे!"

"झोपलो नव्हतो. गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते बघत होतो."

"ते पत्रकात छापलंय की."

"छापलेल्यावर माझा विश्वास नाही. जमिनी मोजायचं काम करतो मी." आणि तो हसला… मेलं ते हसू! माझा तिथेच निकाल लागला.

मनातल्या मनात मी त्याला मोजणीदार म्हणायला लागले. गाडी त्याला घरच्यांसाठी हवी होती. डोंगरावरच्या गावात त्याची आई, ताई आणि ताईच्या दोन मुली राहायच्या. सहा महिन्यांपूर्वी त्याचे भावोजी अचानक गेले, म्हणून तो शहरातली नोकरी सोडून कायमचा वर निघाला होता. तिथे पावसात चिखल, हिवाळ्यात बर्फ. चारही चाकांना जोर मिळेल अशीच गाडी लागणार होती.

तो चार वेळा आला. "एवढ्या भेटींत लोक लग्न ठरवतात!" आमचे मॅनेजर म्हणाले. मी कानाच्या पाळीपर्यंत लाल.

चौथ्या वेळी आम्ही गाडी चालवून बघायला चढावर गेलो. पाऊस सुरू झाला, म्हणून त्याने ती कडेला घेतली. काचेवर टपटप… आणि आत आम्ही दोघंच.

"डिझेल घेऊ का?" त्याने विचारलं.

"कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होतं. सकाळी सुरू करताना घाम फुटेल."

"हायब्रिड?"

"हिच्यात बॅटरीमुळे मागची सीट जाते. भाच्यांना टपावर बसवणार का?"

तो खो खो हसला. "मग राहिलं काय?"

"साधं पेट्रोल इंजिन, नाहीतर टर्बो. टर्बो चढावर उडते नुसती… पण नखरेल बाई आहे. भारी पेट्रोलच लागतं तिला. साधं पाजलं की कुरकुरते, चढावर दम सोडते."

"आणि साधं इंजिन?"

"गरीब बिचारं. मिळेल ते पिऊन मुकाट्याने चालतं."

त्याने वायपर बंद केला. "आमच्या गावात एकच पंप आहे. भारी पेट्रोल नाही मिळत तिथे."

"मग सगळ्यात जवळचं म्हणजे… आमच्या कोपऱ्यावरचाच पंप."

"म्हणजे टर्बो घेतली, तर दर पंधरा दिवसांनी मला इथे यावं लागणार."

"यावं तर लागणार—"

"तुमच्या शोरूमसमोरून जावं लागणार."

"समोरूनच—"

"मग फॉर्ममध्ये टर्बोवर खूण करा," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

आणि मी केली! प्रत्येक ग्राहकाला पहिला प्रश्न मी हाच विचारते, की गाडी राहणार कुठे आणि तिला तेल कुठलं मिळणार. नव्या मुलींनाही हेच शिकवते. आणि स्वतः मात्र मूर्खासारखी खूण करून मोकळी झाले. तो आठवडा माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, त्यांना भरवताना मी गाणं गुणगुणायला लागले, तेव्हा आई म्हणाली, "काय गं, लॉटरी लागली की काय?"

शनिवारी तो सगळ्यांना घेऊन गाडी दाखवायला आला. ताई काटकुळी, पण नजर ठाम. धाकट्या भाचीच्या मुठीत दम्याचा पंप होता.

"मला इंजिनातलं काही कळत नाही हो," ताई म्हणाल्या. "एकच सांगा. बर्फ पडला की आमचा खाली यायचा रस्ता आठ-आठ दिवस बंद असतो. हिला दम लागला की खिंड चढून पलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागतं. हा कामावर असेल, गाडी मीच चालवणार. ही ऐन वेळी दगा नाही ना देणार?"

मोजणीदार घाईघाईने म्हणाला, "मी भारी पेट्रोल आणून साठवीन गं ताई."

"पोरी असलेल्या घरात पेट्रोल साठवणार तुम्ही?" मी म्हणाले.

मी फॉर्म ओढला, टर्बोवर काट मारली आणि साध्या इंजिनावर खूण केली. खाली सही केली. "तुमच्या पंपावरचं चालेल हिला. पेट्रोलसाठी खाली यायची गरज नाही."

"तुमचा सल्ला हाच?" त्याने विचारलं.

"हाच."

"नीट विचार करून?"

"सही केलीये मी."

किल्ली घ्यायला आला त्या दिवशी तो माझ्याशी धड बोललासुद्धा नाही.

गाडी दिल्यावर आम्ही ग्राहकाला तीन फोन करतो. तिसऱ्या दिवशी, महिन्याने आणि तीन महिन्यांनी. प्रश्न ठरलेले असतात, बोलणं रेकॉर्ड होतं. पहिले दोन फोन मी नुसते प्रश्न वाचून उरकले. तिसऱ्याला विचारलं, "इंधनाची काही अडचण?"

"नाही." मग तोच सांगायला लागला, "गेल्या आठवड्यात रस्ता नऊ दिवस बंद होता. धाकटीचे ओठ निळे पडले. टाकीत इथलंच पेट्रोल. ताईने एका दमात खिंड गाठली. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर…"

"आता बरी आहे ना?"

"बरी आहे. शेजारीच बसलीये, दूध नको म्हणून नाक मुरडत." मग म्हणाला, "तू काट मारलीस ना, फार राग आला होता मला. वाटलं, मी यायलाच नकोय तुला."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. रेकॉर्ड होतंय तर होऊ दे, मरू दे!

"मला तुम्ही रोज यायला हवे होतात," मी म्हणाले. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. खूण केली तेव्हाही होतं, काट मारली तेव्हा तर जास्तच."



"माझंही आहे," तो म्हणाला. "पण यांना टाकून—"

"नका टाकू. मलाही बाबांना सोडून येता येत नाही."

"तुझा घरचा नंबर तरी दे."

"नको. दिला तर जन्मभर वाट बघत बसेन मी."

"मग करायचं काय आपण?"

मला तरी कुठे माहीत होतं! कुठल्या रस्त्याला कुठलं इंजिन, ते मी झोपेतही सांगेन. याचं उत्तर काही केल्या सापडेना. रडत रडतच मी कागदावरची शेवटची ओळ वाचली, आमच्याकडून गाडी घेतल्याबद्दल आभार. त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. शेवटी लाइनच तुटली.

चौथा फोन आमच्या पद्धतीत नाही.