पाच-आणि-चाळीस

बाजू एक

हे घडलेलं आहे. कुणाला पटवत बसायची मला हौस नाही. ज्याला खोटं वाटतं त्याने ती तबकडी शोधावी, दुसरी बाजू लावावी आणि घरात कुणी नसताना ऐकावी.

मग बोलू.

फेब्रुवारी १९७९. बेल्जियमच्या बोरिनाज या कोळसापट्ट्यातल्या एका बंद खाणीचं कामगार सभागृह. तीन वाजले नव्हते तरी दिवे लावलेले होते, कारण धुकं खिडक्यांना चिकटून बसलं होतं.

तिथे आम्ही आमची तबकडी भरत होतो.

बँडचं नाव पूसिए. कोळशाची भुकटी. रॉक म्हणवून घ्यायचो, पण आमच्या तालावर कुणी नाचलं असतं तर पाय मोडून घेतला असता. गिस्लँ रचना करायचा आणि बासून फुंकायचा, ते माणसाएवढं उंच लाकडी वाद्य. मी ओडिल, व्हायोलिन. आणि माझा नवरा लीवन पायपेटी वाजवायचा. बंद पडलेल्या एका चर्चमधून आणलेली. दोन्ही पायांनी भाता हाणायचा, तेव्हा ती श्वास घ्यायची.

लीवन गेंटचा. फ्लेमिश.

बाकी आम्ही सगळे वालून, फ्रेंच बोलणारे. बेल्जियममध्ये एवढं सांगितलं की पुढचं भांडण आपोआप कळतं.

आमचा ताल सारखा बदलायचा. मध्येच कुणी हरवू नये म्हणून एकाने आवर्तनं मोठ्याने मोजायची आणि तो आवाज फितीच्या वेगळ्या पट्टीवर भरायचा, अशी आमची रीत होती. ती मोजणी तबकडीवर जात नाही. तिला कुणी टाळ्या वाजवत नाही.

म्हणून ते काम लीवनकडे.

पहिल्यांदा त्याने सवयीने आपल्या भाषेत मोजलं. फ्लेमिश माणूस पंचेचाळीस म्हणतो तेव्हा आधी पाच म्हणतो, मग चाळीस. पाच-आणि-चाळीस. आम्ही आधी चाळीस म्हणतो, मग पाच.

"थांबव रे," गिस्लँ म्हणाला. "तुम्ही लोक आकडासुद्धा शेपटीकडून धरता. गाय आहे का ती?"

"दूध तिकडूनच जवळ पडतं," लीवन म्हणाला.

आवाज भरणारा फेर्नां काचेमागे हसला. म्हातारा, जुना खाणकामगार. फ्लेमिश त्याला आकड्यांपुरतीच यायची, तीही खाणीतली. "पोरा, मला पाच ऐकू येतं, मग चार. मी ५४ लिहितो आणि मग तास-तास शोधत बसतो. ४५ कुठे गेला म्हणून."

"फ्रेंचमध्ये मोज," गिस्लँ म्हणाला. "पुन्हा. पहिल्यापासून."

लीवनने पुन्हा मोजलं. फ्रेंचमध्ये. शाळेत फळ्यासमोर उभं केलेल्या मुलासारखं, एकेक आकडा जपून. जुनी मोजणी पुसून त्यावरच नवी भरली.

मी तिथे होते. मी ऐकलं.

हे लक्षात ठेवा.

मग एका दुपारी गिस्लँला भूक लागली.

"ए फ्लेमिश, बटाट्यातलं तुलाच कळतं. सगळ्यांना फ्रिट आण. माझ्यावर मेयोनेज जास्त."

"तुझ्यावर की बटाट्यांवर?" लीवनने कोट चढवता चढवता विचारलं.

फ्रिटची, म्हणजे तळलेल्या बटाट्यांची गाडी रस्त्याच्या पलीकडे होती. फक्त पलीकडे. धुक्यात खडीचा ट्रक आला...

आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही.

पुरताना गिस्लँ छान बोलला. मोठा कलाकार, मोठा मित्र वगैरे. फ्रेंचमध्ये. लीवनच्या आईला त्यातलं अक्षर कळलं नाही. तिने गिस्लँचे हात हातात घेऊन त्याचे आभार मानले.

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा सभागृहात होतो.

"शेवटी वाजते ती पेटी काढायची," गिस्लँ म्हणाला.

"का?"

"ओढते. माझ्या बासूनने जे उभं केलं ते ती खाली बसवते. आणि ती रचना माझी नाही, ओडिल."

"माहीत आहे. त्याची आहे."

"तबकडी माझी आहे."

लीवनने एकट्याने वाजवलेला तो तुकडा. नऊ आवर्तनं. बाकी सगळीकडे पेटी आमच्या गोंगाटाखाली गाडलेली होती. आमच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता. त्याचं असं, एकट्याचं, जगात एवढंच उरलं होतं.

मी गिस्लँकडे भीक मागितली. होय, तोच शब्द.

"भावनेने तबकडी भरत नाहीत," तो म्हणाला. "फेर्नां, पूस."

...

(इथे फीत कोरी आहे)

...

बाजू दोन

यंत्राला आठच पट्ट्या. काटकसर म्हणून गिस्लँचा बासून आणि लीवनची पेटी एकाच पट्टीवर भरली होती. दोघं कधी एकत्र वाजतच नव्हते. ४५व्या आवर्तनाला बासून सुरू. तो संपला की ५४व्याला पेटी. दोन्ही वेळी बाकी सगळे गप्प.

म्हणजे काम सोपं. मोजणी ऐकायची, चोपन्न आलं की बटण दाबायचं, नऊ आवर्तनं पुसायची, थांबायचं.

"मला शेवटचं ऐकू दे," मी म्हटलं.

फेर्नांने दुसरा हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. "पुसताना काही ऐकू येत नाही, पोरी. नुसती मोजणी."

"तीच ऐकते. आवाज त्याचाच आहे."

फेर्नांने अंदाजाने फीत मागे फिरवली. सोडली.

चाकं फिरायला लागली.

मोजणी नव्हती.

नुसती फितीची सळसळ. फेर्नांने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. आवाजाची सुई हलत नव्हती.

"काय झालं?" गिस्लँने विचारलं. त्याच्या कानांवर काही नव्हतं.

मग... अगदी जवळून... कुणीतरी श्वास आत घेतला.

माणसाचा नाही. भात्याचा.

सभागृहाच्या टोकाला पेटी उभी होती. झाकण बंद, वर चादर. मी काचेतून बघत होते. चादर हलली नाही.

आणि कानात लीवन बोलला. एकच आकडा. शांतपणे, घरी बोलायचा तसा.

पाच-आणि-चाळीस.

फ्लेमिशमध्ये.

फेर्नांचं बोट बटणावरच होतं. त्याने पाच ऐकलं, मग चार ऐकलं. दाबलं.

मला फ्लेमिश येते. मी त्या भाषेत संसार केला. बटण चुकीच्या जागी दाबलं गेलंय हे मला त्याच क्षणी कळलं. आमच्या मागे गिस्लँ घड्याळात बघत उभा होता.

मी तोंड उघडलं नाही. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

नऊ आवर्तनं गेली. फेर्नांने बटण सोडलं, तेव्हा त्याचा चेहरा खाणीतून वर आणलेल्या माणसासारखा झाला होता.

"लावा," गिस्लँ म्हणाला.

मोठ्या स्पीकरवर लावलं. चव्वेचाळिसावं आवर्तन संपलं. बासून यायला हवा होता.

आला नाही.

शांतता. लांबलचक. आणि मग ५४ला लीवनची पेटी सुरू झाली. पूर्ण. एक सूरही न गमावता.

गिस्लँ पांढरा पडला. "मूर्खा, काय पुसलंस?"

"मोजणी फ्लेमिशमध्ये होती," फेर्नां पुटपुटला.

"ती पुसलेली आहे. तूच पुसलीस."

"होती. विचार हिला."

गिस्लँने मोजणीची पट्टी एकटी लावली. फ्रेंच. पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत, जपून, फळ्यासमोरच्या मुलासारखी.

मग फेर्नांने कोट उचलला. "मी खाणीत जिवंत गाडलेल्या माणसांचे ठोके ऐकलेत," तो म्हणाला. "तेव्हा निदान कुठून येतात ते कळायचं." तो गेला. पुढचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं.

गिस्लँने बासून पुन्हा भरायचा प्रयत्न केला. छाती फाटेस्तोवर फुंकलं. नळीतून हवा यायची, सूर यायचा नाही. फुंकायच्या वेताच्या जिभल्या बदलल्या. वाद्य बदललं. दुसऱ्या दिवशीही तेच.

हवा... आत... बाहेर.

भात्यासारखी.

बाकीच्या जागी तो नीट वाजवू शकायचा. फक्त तिथेच नाही.

मलपृष्ठ

तबकडी निघाली. त्या कोऱ्या नऊ आवर्तनांसकट.

टीकाकारांना ती शांतता फार आवडली. धाडस, म्हणाले. ब्रुसेल्सच्या एका मासिकाने त्या शांततेवर अख्खं पान लिहिलं. गिस्लँने मुलाखतीत तिचा अर्थही सांगितला.

मी दुकानात जाऊन मलपृष्ठ वाचलं.

बासून: गिस्लँ.

रचना: गिस्लँ.

पायपेटी: गिस्लँ.

लीवनचं नाव कुठेच नव्हतं. आभारांतही नाही. छापखान्याची चूक, असं गिस्लँने मला फोनवर सांगितलं. दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा छापखाना बदलला होता. चूक तीच होती.

तेव्हा मला वाटलं, एवढं करून आलास, लीवन, आणि मिळालं काय? तुझा तुकडा वाचला. तो गिस्लँच्या नावावर गेला.

शेवटची खाच

मागच्या हिवाळ्यात मॉन्समध्ये एका कॅफेत गिस्लँ दिसला. आता म्हातारा झालाय. मी टाळणार होते. त्याने हाक मारली.

"ओडिल. बस ना. अजून रागावलीस?"

"हो."

"बरं. बियर घे."

मी बसले. तो तबकडीबद्दल बोलायला लागला. जपानमधून कुणी तरुण मुलं आली होती म्हणे, त्याच्या पाया पडायचीच बाकी होती.

"त्यांना तो शेवटचा पेटीचा तुकडाच हवा असतो," तो म्हणाला. "तो मी एका दमात वाजवला होता. आठवतं तुला?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलणारा गिस्लँ मला चांगला माहीत आहे. तो खोटं बोलत नव्हता.

त्याला खरंच आठवत होतं.

"हाताखाली पेटीच्या त्या पट्ट्या गार लागायच्या," तो म्हणाला. "डावीकडचा एक सूर अडकायचा. तो मी अंगठ्याने उचलायचो."

तो सूर अडकतो हे लीवनने फक्त मला सांगितलं होतं. गिस्लँ त्या पेटीला कधी शिवलाही नव्हता.

तेवढ्यात माझा ग्लास थरथरला.

मी टेबलाखाली बघितलं.

गिस्लँचे पाय चालत होते. डावा, उजवा. डावा, उजवा. टाच खाली, चवडा वर, संथ, न थांबता. बुटांचे तळवे झिजून कागदासारखे झाले होते.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"पाय."

त्याने खाली बघितलं. त्याला काही दिसलं नाही. पाय चालतच होते.

मग त्याने ग्लास ओठांना लावला, आणि ग्लासाआडून एक आवाज आला. गिस्लँचा नाही. दमलेला, गेंटचा.

"पाय दुखतात गं माझे."

फ्लेमिशमध्ये.

"काय म्हणालास?"

"मी?" गिस्लँने तोंड पुसलं. "काही नाही."

इतकी वर्षं मी समजत होते की लीवनने त्याला धरलंय. त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण कोण कुणाला सोडत नाहीये, हे मला नीट कळत नाही. मेल्यावरही माझा नवरा त्याच माणसासाठी भाता मारतोय की काय...

मी टेबलावर वाकले. लीवनच्या भाषेत, हळू, म्हणाले, "मग थांब ना रे."

गिस्लँ माझ्याकडे बघून बावळटासारखा हसला. त्याला शब्द कळला नव्हता.

खाली पाय थांबले नाहीत.