बिनभोकाचा सिकाडा

पेई आन खरं तर नूडल्सचं दुकान शोधत होता. सूचौच्या त्या अरुंद गल्लीत तो चुकून सूछिनच्या दगड कोरायच्या कारखान्यात शिरला, आणि त्याची नजर तिच्या हातातल्या, हिरव्या जेड दगडात कोरलेल्या सिकाडा किड्यावर खिळली.

"हा मला हवा, गळ्यात घालायला," तो म्हणाला. "वर्षानुवर्षं मातीत दडून शेवटी पंख घेऊन बाहेर येतो ना हा? मीही परीक्षेत तीनदा नापास होऊन आत्ता कुठे पास झालोय."

सूछिनला हसू आवरेना. "अहो, काम बाकी आहे अजून. शनिवारी या."

तो आला. पुढच्याही शनिवारी आला... दर वेळी काहीतरी राहिलेलंच असायचं, कधी पंखाची शीर, कधी डोळा. शेवटी दोरा ओवायचं भोक तेवढं उरलं. पाच मिनिटांचं काम, पण ते झालं की हा माणूस पुन्हा यायचा नाही. कामात कधी टंगळमंगळ न करणारी ही मुलगी चक्क वेळ काढू लागली.

"उस्ताद, भोक?" तो विचारायचा.

"ड्रिल बिघडलंय," ती मान वर न करता सांगायची.

सहाव्या शनिवारी तो म्हणाला, "उद्या दुपारच्या गाडीने दूर लानचौला निघतोय. नोकरी लागली. द्या तसाच." तिने मान वर करेपर्यंत तो सिकाडा खिशात टाकून गेलासुद्धा.

रविवारी सकाळी वडिलांनी विचारलं, "बिनभोकाचा दिलास? अगं, तसला पूर्वी मेलेल्याच्या जिभेवर ठेवायचे, पुन्हा जन्म मिळावा म्हणून. जित्या माणसाला देतं का कुणी?"

हे सूछिनला लहानपणापासून ठाऊक होतं, काल मात्र डोकंच ठिकाणावर नव्हतं. बॅटरीचं ड्रिल आणि लाल दोरा घेऊन ती स्टेशनकडे धावली.

पेई आन बाहेरच्या पायरीवर निवांत बसला होता.

"द्या तो इकडे," ती धापा टाकत म्हणाली. "अपशकुन असतो."

"माहीत आहे."

"मग नेलात कशाला?"

"म्हटलं, माझ्यावर जीव असेल तर पळत याल... नसेल, तर जिभेवर ठेवायला बराच आहे."

"काहीतरीच अभद्र बोलू नका." तिचे डोळे भरून आले.

ती तिथेच पायरीवर बसली. दगड तापून तडकू नये म्हणून तो बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडत राहिला, ती भोक पाडत राहिली. मग तिने दोरा ओवला आणि त्याच्या गळ्यात गाठ मारली.

"तू आवडतोस मला," ती हळूच म्हणाली.

"मला पहिल्या शनिवारपासून..." त्याने तिचा ओला हात धरला. "दोरा तुटला तर येऊ ना?"

"तो तुटायचा नाही. तू नुसताच ये."