एकच कॉइल बदलली

शुभम, तू मघाशी विचारलं ना गा, गाडी झटके मारून राहिली, मिस्त्री म्हणते एक कॉइल गेली, मंग एकच बदलू का चारही? लाईट तर गेलेलीच आहे. बसा इथंच गच्चीवर. करिश्मा, तो मोबाईलचा उजेड बंद कर, डोळ्यात जाते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी नाही देणार, शुभम. सुगतचं काय झालं तेवढं सांगतो. उत्तर तुझं तू काढ.

सुगतले तुमी ओळखता. मागच्या गल्लीतला, उंच, चष्मेवाला. आता कोणाशी बोलत नाही, मान खाली घालून जाते-येते. पहिले असा नव्हता. आमी एकाच बँकेत होतो. मी रिटायर झालो, तो अजून आहे.

अन् एक पहिलेच सांगून ठेवतो. त्याच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. माह्याही नाही. त्याचे वडील जानराव हेडमास्तर होते. गावात कोणाच्या अंगात आलं असं कळलं, की हा माणूस तिथं जाऊन भांडे. अशा बापाच्या पोरानं हे घरी कोणाले सांगावं? मले सांगितलं. बँकेच्या मागं चहाची टपरी आहे, तिथं. सांगताना एकदाही माह्याकडे पाह्यलं नाही.

तर गाडी जानरावांची. रिटायर झाले तवा घेतलेली, पांढरी, पेट्रोलवाली. डोळ्यानं कमी दिसायले लागलं तवा सुगतले देऊन टाकली. पण कागदावरच दिली. मनातून काही सोडली नाही. दर रविवारी गावावरून फोन. टायरमधी हवा पाह्यली का, ऑइल कधी बदललं, बोनेटमधी उंदीर तर नाही शिरले? सुगत चिडे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाले बापानं दर रविवारी हवा विचारावी, चिडनच.

मंग जानरावांच्या किडन्या गेल्या. गाव त्यांचं दर्यापूरच्या अलीकडं, खारपाणपट्ट्यात. तिथं विहिरीचं पाणी खारं, पिऊन पिऊन किडन्या जातात, हे तुमाले काय सांगू. हप्त्यातून दोनदा अकोल्याले डायलिसिस. सुगत म्हणे, इथंच राहा माह्याजवळ. म्हातारा ऐके नाही. त्याच्या आईले, मनकर्णाबाईलेही, शहरात करमे नाही. मंग हाच पहाटे जाये, बापाले मागच्या सीटवर निजवून आणे, संध्याकाळी गावाले नेऊन सोडे. ते मी डोळ्यानं पाह्यलं आहे. पोरगा वाईट नव्हता. हे ध्यानात ठेवा.

दसऱ्याच्या आधी गाडीनं झटके मारायले सुरुवात केली. चढावर दम तोडे, इंजिनचा पिवळा दिवा लुकलुके. एक दिवस डायलिसिस झाल्यावर बापलेक तसेच जुन्या शहरातल्या गॅरेजवर गेले. आता कॉइल म्हणजे काय, करिश्मा, तुले सांगतो. पेट्रोल पेटायले ठिणगी लागते, ते ठिणगीचं काम तिचं. चार सिलेंडर, चार कॉइल. मिस्त्रीनं पहिल्या सिलेंडरवरची काढून दुसऱ्यावर लावली. बिघाड तिच्यासंग तिकडं गेला. म्हणजे मेलेली तीच.

मिस्त्री म्हणे, "साहेब, गेली ती एकच. बाकीच्या तिन्ही आज चालून राहिल्या. पण चारही एका वेळच्या आहेत. एक बदला, गाडी जाईन. चारही बदलल्या तर तुमच्या डोक्याले ताप नाही. मी काही जोर नाही करत. तुमी सांगा."

मागच्या सीटवरून जानराव बोलले, "चारही बदल, सुगत."

"बाबा, चांगल्या चालणाऱ्या तीन काढून फेकू? उन्हाळ्यात गाडीच विकायची आहे."

"उन्हाळ्यापर्यंत मलेच नेशीन ना हिच्यात?"

"हो. मंग?"

"मले भीती वाटते रे. रात्रीचं रस्त्यावर थांबायची."

म्हाताऱ्यानं जिंदगीत कोणापुढं भीती हा शब्द काढला नव्हता. सुगतले तो ऐकू आला. मले म्हणे, काका, ऐकू आला, पण त्या वक्ती फक्त एवढंच वाटलं की हे मले अजूनही शाळेतलं पोरगं समजतात. तो बोलून गेला, "गाडी आता माही आहे, बाबा. मले समजते."

मिस्त्री खाली पाहून पान्हा पुसत राह्यला. एकच बदलली. गाडी मस्त चालली.

दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी बँकेत तपासणी होती. सुगतले निघता नाही आलं, एक डायलिसिस हुकलं. रात्री मनकर्णाबाईचा फोन. "तुह्या बाबाचा श्वास पुरून नाही राहिला. तू ये." हा तसाच निघाला. दीक्षा, त्याची बायको, दवाखान्यात पुढं जाऊन थांबली. यानं बापाले उचलून मागं बसवलं, आईले संग घेतलं, अन् गाडी अकोल्याच्या रस्त्याले लावली.

पूर्णेचा पूल ओलांडला. थोडं पुढं आले, अन् गाडीनं झटका मारला. पिवळा दिवा. अजून एक झटका. मंग बंद.

दोन्हीकडं कपाशी. एक घर नाही, एक दिवा नाही. यानं चावी फिरवली, फिरवली. अँब्युलन्सले फोन लावला, ती दुसरा पेशंट घेऊन गेली होती. येणाऱ्या गाडीले हात दाखवे, तर ती अजूनच जोरात जाये. म्हातारा मागून विचारे, "झाली का चालू?" हा म्हणे, "होते बाबा." पुन्हा, "झाली का?" पुन्हा, "होते." मंग म्हाताऱ्यानं विचारणं सोडलं. मनकर्णाबाई म्हणे, "सुगत, आता चावी नको फिरवू."

दर्यापूरकडून एक काळीपिवळी जीप आली, तिनं नेलं. नेलं ते नुसतं न्यायचं म्हणून.

गॅरेजवाल्यानं दुसऱ्या दिवशी पाह्यलं. जुन्या तीनमधल्या दोन गेलेल्या. बदलल्या असत्या तर जानराव वाचले असते का? डॉक्टर काही पक्कं बोलला नाही. मले माहीत नाही. सुगतलेही माहीत नाही, अन् कधी माहीत पडणारही नाही. त्याचंच तर वाईट आहे.

जानरावांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाव्हणे गेले, अन् सुगतनं गाडी गॅरेजवर नेली. चारही नव्या टाकल्या. अगदी ती एक नवी होती, तीही काढून. दीक्षा म्हणे, "आता कोणासाठी टाकून राहिले तुमी?" गाडी अशी चालायले लागली, जशी नवी होती तवाही चालत नसन. दीक्षा तिच्यात बसली नाही ते बसलीच नाही.

आता त्या रात्रीचं.

जानेवारी. सतरा तारीख, शुक्रवार. थंडी अशी की कुत्रे दारात येऊन निजत. सुगत आईले अकोल्याले आणायले गावाले गेला होता. ती आली नाही. त्याच्यापुढं ताट ठेवलं, तो जेवेपर्यंत चुलीकडं पाहत बसली, अन् म्हणे, "तू जा. मी इथंच बरी." एवढंच बोलली. दहाच्या सुमाराले हा एकटाच निघाला.

गाडी मस्त चालून राहिली होती. आवाज नाही, झटका नाही. मले म्हणे, काका, तिचं असं चालणंच मले सहन होत नव्हतं. मनात वाटे, आता तरी बंद पड. एकदा तरी.

पूल आला. गेला.

थोडं पुढं रस्त्याच्या कडेले माणूस उभा. डोक्यावरून शाल घेतलेली. एक हात पुढं केलेला. त्या हाताले पांढरी पट्टी, डायलिसिसची सुई काढल्यावर बांधतात तशी.

गाडी बंद नाही पडली. ब्रेक सुगतनंच दाबला. का दाबला, त्याले सांगता येत नाही. म्हणे, त्या दिवशी आमच्यासाठी कोणी दाबला नव्हता.

मागचं दार उघडलं. आतला लाईट लागला. गाडी थोडी दबली... कोणी बसलं की दबते तशी. दार लागलं. लाईट गेला.

यानं मागं पाह्यलं नाही. आरशातही नाही. गिअर टाकला.

औषधाचा वास आला. डायलिसिसच्या खोलीत येते तो. काचा बंद. थंडी वाढली... बाहेरची नाही. मानेवर येणारी.

बराच रस्ता गेला.

मंग मागून आवाज आला. हळू. हेडमास्तरचा.

"बरी चालून राहिली गाडी."

सुगत म्हणे, "...हो, बाबा."

"चारही टाकल्या?"

"...हो."

इंजिनचा आवाज. एक गाव गेलं. दुसरं गेलं. सुगतले वाटलं, संपलं.

"मंग तवा काहून नाही?"

रागानं नाही विचारलं. सुगत सांगताना तेच पुन्हा पुन्हा सांगे. रागानं नाही विचारलं काका, रागानं विचारलं असतं तर मी रडलो असतो, पाय धरले असते. पोरं शाळेत उशिरा आली की ते विचारत ना... तसं. जवाब पाहिजे म्हणून.

जवाब काय होता त्याच्याजवळ? गाडी माही आहे, हा? मले समजते, हा?

तो म्हणे, "बाबा..."

मागं श्वास. ओढून घेतलेला. त्या रात्रीसारखाच. एक... मंग लय वेळ काही नाही... मंग एक.

सुगतनं गाडी दामटली. घराकडं नाही वळला. सरळ दवाखाना. अकोल्याचे दिवे दिसले, पहिला चौक गेला, अन् मागून श्वास येऊन राहिला. एक... एक... हा मोठ्यानं बोले, "पोचलो बाबा. पोचलोच. गाडी चालू आहे. बंद नाही पडली, बाबा." रडत होता का? मी विचारलं नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी लावली. हॉर्नवरचा हात काढे नाही. आतून वॉचमन चाकाची खुर्ची घेऊन पळत आला. मागचं दार उघडलं. वाकून पाह्यलं. मंग सुगतकडं पाह्यलं.

"साहेब... पेशंट कुठाय?"

सुगतनं हॉर्नवरचा हात काढला.

"कोणालेच नाही आणलं तुमी?"

तवा त्यानं पहिल्यांदा मान वळवली. सीट रिकामी. वासही नाही. वॉचमन खुर्ची घेऊन परत गेला. तिचं एक चाक कुरकुरत होतं, एवढं त्याले आठवते.

सुगत तिथंच बसून राह्यला, उजाडेपर्यंत. दीक्षानं शोधत येऊन त्याले नेलं. पण गाडीत नाही, ऑटोत. गाडी दोन दिवसांनी मी आणली. चावी त्यानं माह्याच हातात दिली, म्हणे, काका, तुमीच जा, अन् मागं पाहा... मले खोटं पाडा.

मी भरदुपारी गेलो. ऊन चांगलं होतं, माणसं येऊन-जाऊन राहिली होती. मागचं दार उघडलं.

मागच्या सीटचा बेल्ट लावलेला होता. खटक्यात पक्का बसलेला. लाल बटन दाबलं, सुटे नाही. मिस्त्रीनंही करून पाह्यलं, त्यालेही नाही सुटला. कापू का म्हणे. सुगत नाही म्हणाला. गाडी अजून त्याच्या अंगणात आहे, ताडपत्रीखाली, जाऊन पाहा पाहिजे तर.

बेल्ट रिकाम्या सीटवर पडलेला नाही, शुभम. सीटपासून वर आहे. खांद्यावरून येते, पोटाशी वळते, मधात माणसाएवढी जागा सोडून. खाली काहीच नाही, अन् लोंबत नाही.

मी बोटानं दाबून पाह्यला.

दबला नाही.